विहीणबाई गाडीत असताना आवळलेले नट

गंगापूर रोड, नाशिक
अधिक महिना संपून निज ज्येष्ठ लागला, उकाडा तोच

तीर्थस्वरूप धोंडीरामदाजींच्या पायांशी,

मालेगावच्या दिशेला तोंड करून शालक शेखरचा दंडवत. (दंडवत लोक पालथे पडून घालतात. मी अलीकडेच एक उताणा पडून घातला, गाडीखाली. त्याची हकीकत पुढे येईलच, आणि त्यात तुमचाही हात आहे हे आत्ताच सांगून ठेवतो.) अक्काचे गुडघे कसे आहेत? तेल लावणं चालू आहे, की नव्या डॉक्टरांनी तेही बंद केलं? तुमचे लूम नीट चालत असतील, लाइट फार जात नसेल, आणि तुमचा रक्तदाब तुमच्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीत असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना या माणसाला पत्राची काय हौस आली! दाजी, फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. मी "दाजी, तो नट" एवढं म्हणेपर्यंत तुमचं नट, बोल्ट, वॉशर आणि माझी अक्कल या चारही विषयांवर बोलून होतं आणि तुम्ही फोन ठेवूनही देता. कागदावर तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही. (हे "तोंड घालता" खोडणार होतो. पण राहू दे. मी संतापलेलो आहे हे तुम्हाला कळायला हवं.) तेव्हा चष्मा लावा, पंख्याखाली बसा आणि शेवटपर्यंत वाचा. तुम्ही पाठवलेल्या त्या टॉर्क पान्याने माझी जी शोभा झाली, तिची ही साद्यंत कैफियत आहे.

मुळात मला काय हवं होतं? फार काही नाही. आमच्या वैष्णवीचं सासर सिन्नरला आणि नोकरी इथे, गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. लग्न झाल्यापासून पोरगी रोज सकाळी सिन्नरच्या स्टँडवर उभी. बस मिळाली तर बस, नाहीतर जीप. जीपवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि शेवटचा माणूस बाहेर लोंबकळल्याशिवाय ती भरली असं तो मानत नाही. संध्याकाळी हेच सगळं उलट दिशेने, आणि घरी पोचली की पर्स खुंटीला आणि बाई ओट्याशी. माणसं वाईट नाहीत. (स्थळ तुम्ही आणलंत म्हणून म्हणत नाही, खरंच नाहीत.) पण घरात आधी आलेल्या माणसाने कुकर लावला तर आकाश कोसळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, आपली लहान गाडी पोरीला देऊन टाकायची. ती गाडी चालवायला शिकली तीच मुळी या गाडीवर. मी निवृत्त माणूस, मला भाजी आणायला स्कूटर पुरते. आणि यंदा लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आलेला. जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्या वाणात गाडीची किल्ली ठेवायची. ताट मनोजरावांच्या हातात, पण गाडी चालवणार वैष्णवी, हे सगळ्यांसमोर बोलून मोकळं व्हायचं. मोहिनीला हे एका झटक्यात पटलं. (आमच्या लग्नापासून तिला माझी अशी पटलेली ही दुसरी गोष्ट. पहिली कोणती ते ती सांगत नाही.)

अडचण एकच होती. गाडी ओरडायची. संक्रांतीचं वाण घेऊन आम्ही सिन्नरला गेलो, तर त्यांच्या गल्लीत गतिरोधक केवढे! माणसापेक्षा गतिरोधक जास्त. प्रत्येकावर आमची गाडी आधी डावीकडून कुईं करायची, मग उजवीकडून कर्र करायची, आणि खाली उतरताना दोन्हीकडून मिळून एक लांब सुस्कारा टाकायची. विहीणबाई फुलाबाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडी दिसायच्या आधी त्यांना ऐकू आली. आम्ही उतरतो न उतरतो तोच म्हणाल्या, "इवाई, गाडी काय मरायला टेकली का?" मी हसून साजरं केलं. मग निघताना, मोहिनीने हळूच गाडी वैष्णवीला देण्याचा विषय काढला तेव्हा, त्या स्पष्टच बोलल्या. "गाडी द्या, नाय म्हनत नाय. पन असं कन्हतं वाहन दारात उभं ऱ्हायलेलं बरं नाय. सकाळी सकाळी ते कानावर पडतं, लय वंगाळ वाटतं." झालं! म्हणजे माझ्या पोरीच्या सुखाच्या आड काय आलं, तर दोन रबरं. तुम्हीच सांगा, माणसाने संतापायचं नाही तर काय करायचं?

(अक्का हे पत्र तुमच्या पाठीमागून वाचणार, मला ठाऊक आहे. म्हणून तिच्यासाठी सांगतो. अक्का, गाडीच्या पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीच्या अंगाला जिथे जोडतात तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून रबराचं बुश असतं, आणि त्यातून बोल्ट जातो. ते रबर खराब झालं की गाडी तुझ्या गुडघ्यांसारखी बोलते.)

तर ती रबरं बदलायला मी गाडी फकिराच्या गॅरेजात नेली. फकिरा म्हणजे गॅरेजचा मालक, सोन्याची साखळी, कानाला कायम फोन, आणि आपण बोलायला लागलो की समजलं समजलं म्हणत मान हलवणार. त्याने गाडी लिफ्टवर उचलली, चारी चाकं हवेत लोंबकळत सोडली, दोन्ही लोअर आर्म नवे घातले, आणि पान्याच्या दांड्यात एक लांबलचक पाइप अडकवून, मानेच्या शिरा फुगेपर्यंत नट आवळले. नट किती आवळावा याचं त्याच्याकडे एकच माप. तो स्वतः "अम्म" म्हणाला की नट बसला. मी तिथे उभा राहून कौतुकाने बघत होतो. ताकद दिसली की आपल्याला काम दिसतं, असं आपलं लहानपणापासूनचं शिक्षण. गाडी खाली उतरवली, मी घरी आणली, आवाज नाही. मोहिनीने सिन्नरला फोन करून कळवूनही टाकलं. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच आमच्या सोसायटीच्या फाटकावर, सगळं शेजारपाजार संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलेलं असताना, कुईं!

मी फकिराकडे गेलो. पहिल्यांदा म्हणाला, नवं रबर आहे, बसेल. दुसऱ्यांदा म्हणाला, तुमच्याकडचा रस्ता खराब आहे. तिसऱ्यांदा गाडीत बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, साहेब, मला तर काही ऐकू येत नाही, कान दाखवून घ्या. दाजी, ज्या माणसाने स्वतःच्या फोनची रिंग सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी लावली आहे, त्याने मला कान दाखवून घ्यायला सांगावं! मी तिथून निघालो तो तडक घरी आलो आणि तुम्हाला फोन लावला. ही माझी चूक नव्हती, हा माझा नाइलाज होता.

तुम्ही तेव्हा जे सांगितलंत ते अगदी बरोबर होतं. तीच तर माझी तक्रार आहे. तुम्ही म्हणालात, चाकं लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला की रबर त्या लोंबकळत्या अवस्थेत धरलं जातं. मग गाडी खाली टेकली, चाकं वर दबली, की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. ओला पंचा पिळून तसाच दांडीवर टाकावा तसं. ते ओरडणारच, आणि पुढे फाटणारही. म्हणून नट आधी सैल करायचे, जुने फेकून नवे घालायचे (ते एकदाच आवळायचे असतात हे मला माहीत नव्हतं, आणि फकिरालाही नव्हतं), गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबून हलवायची म्हणजे रबर आपल्या जागी येतं, आणि मग मापाने, टॉर्क पान्याने आवळायचे. अंगातल्या जोराने नाही. पान्यावर लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की तो टक् वाजतो, तिथे थांबायचं. एवढं सांगून, नेमका आकडा किती ते माझ्याकडून तीनदा वदवून घेऊन, फोन ठेवता ठेवता म्हणालात, "शेखर, गाडी रिकामी शे ना? एक पिशवीबी ठेवू नको." आणि दुसऱ्याच दिवशी सुताचा माल घेऊन नाशिकला येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती तो तुमचा लाडका पाना पाठवलात. फडक्यात गुंडाळून, पेटीत ठेवून, आणि वर निरोप, की पोराला सांभाळावं तसा सांभाळ. (माझ्या भाच्याला तुम्ही इतकं कधी सांभाळलं नाहीत, असं अक्काच म्हणते. मी म्हणत नाही.)

आता धोंड्याच्या रविवारचं ऐका. मी पहाटेच उठलो. गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, खाली शिरून जुने नट काढले, नवे नुसते बोटाने फिरवून ठेवले. गाडीतून पाण्याची बाटली, छत्री, मोहिनीची देवाची पोथी, सगळं बाहेर काढलं. एक पिशवीसुद्धा ठेवली नाही. गाडी दाबून हलवली. पाना हातात घेतला, आकड्यावर लावला, आणि आता खाली शिरणार एवढ्यात फाटकात जीप थांबली. जेवायला बोलावलेली माणसं चहाला हजर! मनोजराव उतरले, वैष्णवी उतरली, आणि पाठोपाठ, नवी इरकली नेसून, फुलाबाई. धोंड्याला लेक-जावयाला बोलावतात, दाजी. जावयाची आईही येते हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पण त्या जेवायला नव्हत्याच आल्या. त्या गाडी ऐकायला आल्या होत्या.

जावई दारात आल्यावर सासऱ्याने गाडीखाली असू नये, एवढं मलाही कळतं. पाना पेटीत ठेवला आणि आत धावलो. मोहिनीने तांब्या-परात तयारच ठेवली होती. अधिकात लेक-जावई लक्ष्मीनारायण, त्यांचे पाय धुवायचे. मी धुतले. धुण्याआधी मनोजरावांचे पाय स्वच्छ होते. माझ्या हाताचं ग्रीस त्यांच्या घोट्यापर्यंत चढलं, मोहिनीने लिंबू आणलं, मग साबण आणला, शेवटी वैष्णवीने गोडं तेल आणलं, आणि बिचारा माणूस आमच्या पाटावर बसून आम्हा तिघांकडून पाय चोळून घेत राहिला. लाजून लाल झाला होता, पण पाय आखडून घेतला नाही. (स्थळ चांगलं आणलंत, हे मी वर म्हटलंच आहे.) मग धोंडे, आमरस, कुरडया, पुन्हा आमरस. वाणाचं ताट दिलं. किल्ली पाहून वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी ते आमरसाच्या ठसक्यावर घातलं. फुलाबाई किल्लीकडे बघत एवढंच म्हणाल्या, की आधी गाडीचा आवाज ऐकू, मग बघू.

आणि या सगळ्या गडबडीत, दाजी, मी नट विसरलो. माणूस आहे, विसरतो. मी हात धुऊन बाहेर आलो तर निघायची तयारी झालेली. गाडीच्या चाकाला लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, मागच्या सीटवर अनारशांचा डबा आणि आंब्याची पेटी, डिकीत गव्हाचं पोतं. मनोजराव मानाने चालवायच्या जागी, वैष्णवी मागे, आणि पुढे डावीकडे, ओटीचा नारळ मांडीवर घेऊन, फुलाबाई विराजमान. गाडी रॅम्पवर नाक वर करून उभी होती, ती आपल्या मानासाठीच उंच करून ठेवली आहे असा त्यांचा समज झालेला दिसला, कारण चढताना त्यांनी मोहिनीचा हात धरून मोठ्या समाधानाने इकडेतिकडे पाहिलं म्हणे. मनोजरावांनी किल्ली फिरवायला हात घातला आणि मी असा ओरडलो, की वरच्या मजल्यावरचा कुत्रा अजून मला बघून आत जातो. नट सैल आहेत! उतरा सगळे!

मनोजराव उतरायला लागले. फुलाबाई हलल्या नाहीत. ओटी भरून निघालेली सवाशीण एकदा बसली की पुन्हा उतरत नाही, असं त्यांच्याकडे आहे म्हणे. (आमच्या आईची ओटी भरली की ती लोणच्याची बरणी विसरली म्हणून तीनतीनदा उतरायची आणि तिचं सगळं नीट झालं. पण हे तेव्हा बोलायचं कसं?) मी त्यांना हात जोडून समजावलं, की गाडी रिकामी असल्याशिवाय नट आवळायचे नसतात, नाहीतर रबर चुकीच्या जागी धरलं जातं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इवाई, आमच्याकडं गाडी रिकामी कधी जायाची? आमच्या दारातली गाडी भरलेलीच ऱ्हानार. मग भरलेलीच आवळा की!" आणि वर मोहिनीला म्हणाल्या, "इहीनबाई, तुमीबी बसा मागं, वजन चांगलं पडंल." आणि दाजी, मोहिनी बसली! माझी बायको, जिने सकाळी स्वतःच्या हाताने गाडीतून छत्री बाहेर काढली होती, ती अनारशांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि मला म्हणाली, अहो, बरोबरच बोलतायत त्या, आपली गाडी तरी कधी रिकामी गेली?

आता तुम्ही मला सांगा, मी काय करायचं होतं? तुम्ही गाडी रिकामी ठेव म्हणालात. पिशवीसुद्धा नको म्हणालात. पण पुढच्या सीटवर विहीणबाई असली तर काय करायचं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तुमचं सगळं यंत्रशास्त्र पिशवीपाशी संपतं. पिशवी उचलून बाहेर ठेवता येते हो! लेकीची सासू, ओटी भरलेली, नारळ मांडीवर, गाडी घेऊ की नको हे अजून ठरवायची असलेली, तिला कसं उचलायचं? मालेगावात बसून रिकामी गाडी म्हणणं सोपं आहे. या, एकदा मुलीचा बाप होऊन रॅम्पखाली झोपून बघा.

मी झोपलो. नव्या सदऱ्यासकट. खालून आवाज दिला की गाडी जरा हलवा, रबर बसू दे. तर मनोजरावही पुन्हा जागेवर बसले, फुलाबाईंनी ताल धरला आणि आत चौघंही भजनाला बसल्यासारखी डावीउजवीकडे डुलायला लागली. डोक्यावर एवढी माणसं डुलत असताना मी खाली, छातीवर तुमचा पाना, तोंडात तुमचं नाव. डावा नट आवळला. टक्. वरून विचारणा झाली, काही मोडलं का? मी म्हटलं, नाही, बसलं. उजवा आवळला. टक्. दोन्हीकडे बरोबर तुमच्या आकड्यावर, केसभर इकडेतिकडे नाही. त्या बाबतीत मला कुणी बोट दाखवू शकत नाही. मोहिनी उतरली, मनोजरावांनी गाडी हळूच खाली घेतली, फाटकाच्या गतिरोधकावरून नेली, आणि काय सांगू, चिडीचूप! गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी कान देऊन उभा होतो. कुठेही काही नाही. फुलाबाईंनी खिडकीतून हात हलवला. म्हणजे गाडी पास झाली. मी तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसलो आणि तुमच्याविषयी माझ्या मनात थोडा वेळ चांगले विचार आले. ते टिकले नाहीत.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी एकटी निघाली आणि सिन्नरच्या पहिल्याच गतिरोधकावर, कुईं. ती तशीच मागे फिरली. फुलाबाई ओट्यावर उभ्याच होत्या. मी ऐकलं तेव्हा म्हटलं, संपलं, आता गाडी परत. पण त्या खाली आल्या, दार उघडून पुढे डावीकडे बसल्या, आणि म्हणाल्या, चालव. गाडी गप्प! पुन्हा उतरल्या, वैष्णवीने फेरी मारली, कुईं. पुन्हा बसल्या, गप्प. रबर ज्या वजनावर धरलं गेलं त्या वजनाशिवाय ते स्वस्थ बसेना, एवढीच गोष्ट. पण फुलाबाईंनी याचा अर्थ असा काढला, की गाडीला आपला पायगुण मानवला. सगळ्या गल्लीला तसं सांगितलं. आणि त्या दिवसापासून, दाजी, त्या रोज वैष्णवीबरोबर गाडीत असतात. रोज! मी पोरीला जीपमधून सोडवायला गाडी दिली. तिने काच खाली करावी, गाणं लावावं, हवं तिथे थांबून उसाचा रस प्यावा, कुणाला विचारू नये. आणि झालं काय? सासू पुढच्या सीटवर. तीही मीच, माझ्या हाताने, मापाने आवळून दिलेली.

माझं म्हणणं संपलं. पाना तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात टेम्पोवाल्याकडून परत मागवलात, आणि पेटी उघडल्याबरोबर फोन करून ओरडलात, की स्प्रिंग दाबलेलीच ठेवलीस, पाना पेटीत घालताना आकडा खाली का उतरवला नाहीस. माझी हकीकत विचारली नाहीत. स्प्रिंगची विचारली. म्हणून हे एवढं लांब लिहिलं. अक्काला नमस्कार, लूमवरच्या सगळ्यांना आठवण.

पाठीवरचा ग्रीसचा डाग अजून न गेलेला,
तुमचाच शालक,
शेखर

ता. क. खरं कारण वर लिहिलं नाही, कारण मोहिनी शेजारी बसून वाटाणे सोलत होती. वैष्णवी लॅबमध्ये असते तेवढा वेळ फुलाबाई कुठे असतात असं तुम्हाला वाटतं? आमच्याकडे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझ्या खुर्चीवर. विहीणबाई घरात म्हणून मला या उकाड्यात दिवसभर सदरा घालून बसावं लागतं, पाय वर घेता येत नाहीत, दुपारी घोरता येत नाही, आणि टीव्हीचा रिमोट मी कित्येक दिवसांत हातात धरलेला नाही. तेव्हा माझ्यावर एवढे उपकार करा. तुम्ही आणि अक्का येत्या रविवारी सिन्नरला जा. अक्काने फुलाबाईंना गोंदेश्वराच्या दर्शनाला न्यावं. देऊळ मोठं आहे, अक्काचे गुडघे दुखतात, प्रदक्षिणेला वेळ लागेल. तेवढ्यात तुम्ही गाडी पूर्ण रिकामी करून, नवे नट घालून, तुमच्या शास्त्राप्रमाणे आवळून टाका. कुणाला कळणार नाही. गाडी एकटीला घेऊन गप्प चालेल आणि मी बनियनवर येईन.

ता. क. दोन. पाकीट चिकटवणार तेवढ्यात वैष्णवी आली, तिने वरची ता. क. वाचली, आणि म्हणाली, पप्पा, नटांना हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच चाललंय. तर म्हणाली, पहिले दोन दिवस आम्ही दोघी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी वाटेत शिंदे गावाच्या पुढे त्यांनी विचारलं, की तू दिवसभर त्या लॅबात करतेस तरी काय? लग्न झाल्यापासून त्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मग मी सांगत गेले, त्या विचारत गेल्या. आता त्यांना सगळ्या तपासण्यांची नावं येतात. आणि पप्पा, संध्याकाळी आम्ही दोघी एकदमच उशिरा पोचतो ना, म्हणून भात आता मनोज लावतो. एवढं बोलून ती सासूला हाक मारायला आत गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. (खुर्ची तेवढ्यापुरती रिकामी होती.) तेव्हा दाजी, रविवारचं रद्द. गोंदेश्वराला अक्काने स्वतःच्या हौसेने जावं.

ता. क. तीन. पाकीट पुन्हा उघडलं आहे. फुलाबाईंना आता गाडी शिकायची आहे. काल पटांगणात वैष्णवीने त्यांना चालवायच्या जागी बसवलं आणि स्वतः डावीकडे बसली, तर डावीकडे वजन कमी पडलं आणि डावं रबर ओरडायला लागलं. तेव्हा पाना घेऊन याच. पण शास्त्र मालेगावला ठेवून या. आधी त्या दोघींना विचारा कोण कुठे बसणार, त्यांना बसू द्या, आणि मगच आवळा.